दारावरची कॉफीची बाटली

पूल उतरलो तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटायच्या बेतात होता, आणि धाकटी अजून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनेच चालत होती. मधे दोन्ही बाजूंनी गाड्यांची रीघ. काही सांगायचं असलं की ती हात वर करायची, मी थांबायचे, जरा मोकळं झालं की ती ओरडून बोलायला लागायची, आणि पुढचा ट्रक येऊन उरलेलं वाक्य घेऊन जायचा. येणारेजाणारे वळून बघत होते. फळांची गाडी लावून उभा असलेला एक म्हातारा मला म्हणाला, "मिटवून टाका बाई. घरची भांडणं रस्त्यावर बरी नव्हेत."

भांडण नाही, तिचा घसा दुखतोय, असं मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं समजावायच्या फंदात मी पडलेच नाही.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. घरात ती धाकटी, इस्पितळात मोठ्या सिस्टर. मी इस्पितळासमोरच्या शिवणाच्या दुकानात काम करते. तिथल्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे अंगरखे आमच्याकडेच शिवले जातात. संध्याकाळी मी फाटकापाशी थांबते, ती येते, आणि आम्ही शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून घरी जातो. इतक्या वर्षांत आमचं जे काही मनातलं बोलणं झालं ते त्या रिक्षातच झालं, कारण घरी दोघींनाही सवड नसते.

त्या दिवशी ती बाहेर आली ती मास्क लावून, आणि माझ्यापासून चांगली लांब उभी राहिली. म्हणाली, "ताई, तुम्ही रिक्षाने जा. मी चालत येते. घसा दुखतोय."

घसा दुखतोय तर बोलू नकोस, पाय कशाला झिजवतेस, असं मी म्हटलं. घर काही शेजारच्या गल्लीत नाही. तर ती म्हणाली, रिक्षात मांडीला मांडी लावून माणसं बसतात, त्यातल्या कुणाच्या घरी आपल्या मामंजींसारखं माणूस आहे ते मला कसं कळणार. मग मीही चालते म्हटलं. तिला एकटीला टाकून गेले असते तर घरी गेल्या गेल्या मामंजींनी मलाच धारेवर धरलं असतं.

"चला," ती म्हणाली, "पण तुम्ही त्या कडेने."

मामंजी म्हणजे आमचे सासरे. त्यांची मूत्रपिंडं थकलीत. एक दिवसाआड इस्पितळात जाऊन डायलिसिसच्या यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. ते चुकवून चालत नाही, आणि दुसऱ्या कुणाला दोन दिवस झोपवणारा ताप त्यांना कायमचा झोपवू शकतो, हे डॉक्टरांनी आम्हाला सरळ सांगितलेलं आहे. त्यांना नेणं-आणणं धाकटीकडे असतं. दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी होती. म्हणून रस्ताभर माझं अर्धं लक्ष तिच्या घशाकडे आणि अर्धं उद्याकडे होतं. चपलेसाठी काही उरलंच नव्हतं.

आता ही बाई कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिने माझा ओटा पुसायचा फडका उचलून उकळत्या पाण्यात टाकला. मला न विचारता. मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पण तिला ते कळलंही नाही, कारण ती तेवढ्यात घरातल्या उरलेल्या फडक्यांच्या मागे लागली होती. पाहुणे आले की आमच्याकडे आधी चहा मिळत नाही, आधी बेसिन मिळतं. माझी मुलं तिला फिनेलकाकू म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचा अभिमान आहे. मामंजी म्हणायचे, या घरात आता फक्त देवांचेच हात धुवायचे राहिलेत. मी सकाळ-संध्याकाळ देवापुढे हात जोडते, तेवढंच माझं. धाकटी म्हणते, देवाने साबण दिलाय, तो आधी वापरून संपवा, मग त्याला हाक मारा. पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, तीही एक प्रार्थनाच असेल, जरा ओली.

इस्पितळात ती बरीच वर्षं वॉर्डात होती. मग तिला एका वॉर्डातून दुसऱ्यात संसर्ग जाऊ नये यावर लक्ष ठेवायचं काम दिलं. म्हणजे दिवसभर फिरायचं आणि लोकांना नको ते बोलायचं. नखं वाढलीत, हातमोजे तेच, खोकताय तर घरी का नाही. असं बोलणारं माणूस कुणाला आवडतं? ती व्हरांड्याच्या वळणावर दिसली की सगळ्या वॉर्डांतले नळ एकदम सुरू होतात, आणि ती पुढे गेली की एकदम बंद. तिला हे माहीत आहे. म्हणून ती पुढे जाते आणि मागे वळते.

पण याच बाईच्या नावाचा इस्पितळात एकेकाळी जयजयकार झाला होता, तो एका बाटलीपायी. आणि आज ती ज्या गोष्टीने मेटाकुटीला आली आहे ती गोष्टही तीच बाटली.

वास घालवणारा तो साथीचा रोग पहिल्यांदा आला तेव्हाची गोष्ट. तपासणीची साधनं अपुरी, एकेका तपासणीचं उत्तर यायला काही दिवस लागायचे. तोवर माणूस ड्यूटी करून चार वॉर्डांत आजार वाटून मोकळा. एका सकाळी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली बाई कुरकुरत होती की या वेळी कॉफी शिळी आली, वासच नाही. धाकटी तेव्हा दारात उभी होती, आणि तिला दारापर्यंत कॉफीचा वास येत होता. तिने त्या बाईला तिथल्या तिथे बाजूला बसवलं. ती बाई आजारी निघाली. झालं. धाकटीने औषधाची एक रिकामी बाटली धुतली, त्यात कॉफीची पूड भरली, तोंडाला जाळीचं कापड बांधलं आणि कर्मचाऱ्यांच्या दारावर खिळ्याला टांगली. आत जाण्याआधी प्रत्येकाने हुंगायचं. वास आला तर आत. नाही आला तर तपासणीला.

त्या बाटलीने खरोखर माणसं पकडली. धडधाकट दिसणारी, हसत येणारी. मोठ्या डॉक्टरांनी भर सभेत तिचं कौतुक केलं. बाटली हातात धरून तिचा फोटो काढला, तो अजून व्हरांड्यात लावलेला आहे. फोटोत ती हसतेय, आणि तिच्या हसण्याचा इस्पितळात तेवढा एकच पुरावा आहे.

मग रोग गेला, परत आला, परत ओसरला. बाटली मात्र राहिली. प्रत्येक विभागाने आपापली करून घेतली. स्वयंपाकघरातून ताजी पूड यायची. नवी माणसं लागली, त्यांना हजेरी कुठे लावायची ते नंतर सांगायचे, बाटली कुठे आहे ते आधी. काही जण हुंगून झाल्यावर बाटलीला बोट लावून ते कपाळाला लावायचे. मी स्वतः पाहिलंय. मी देवाधर्माची बाई, पण मलाही ते बघून कसंतरी झालं.

आणि आता आला नवा प्रकार. वरून सूचना आली की यात वास जात नाही, निदान बहुतेकांचा जात नाही. आधी घसा धरतो, अंग जड होतं, कुणाचं पोट बिघडतं. पसरतो झपाट्याने. तरण्याताठ्यांना फारसं काही होत नाही, पण म्हातारे आणि मूत्रपिंडांचे रोगी यांना सांभाळा. त्या संध्याकाळी रिक्षात धाकटी म्हणाली, "ताई, माझी बाटली आता खोटं बोलणार."

मला वाटलं, त्यात काय, काढून टाकायची. तिलाही तसंच वाटलं होतं.

तिने सगळ्यांना सभेच्या खोलीत गोळा केलं. नवा प्रकार आलाय, कुणी कुणी ऐकलंय, म्हणून विचारलं. सगळे हात वर. तिला बरं वाटलं. मग काय ऐकलंय ते विचारलं, आणि तिथे घोडं अडलं. हे सगळं तिने मला रिक्षात नकला करून सांगितलं. एक डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे, उगाच बाऊ करू नका. रक्त तपासणारे गृहस्थ म्हणाले, रोग तोच, दरवेळी नुसतं बारसं नवीन. वॉर्डातली मावशी म्हणाली, आपल्याला दोनदा होऊन गेलाय, आता अंगात मुरलाय, लोणच्यासारखा. एका तरुण सिस्टरने मोबाईलवर वाचलं होतं की हा फक्त परदेशांत होतो. दुसरीने वाचलं होतं की हा फक्त पुरुषांना होतो, आणि त्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि डायलिसिसच्या टेक्निशियनने हात वर करून अगदी गंभीरपणे विचारलं की मग आता बाटलीत कॉफीऐवजी दुसरं काय भरायचं.

धाकटीने घसा घसा म्हणून सांगितलं. त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर. घसा तर सिस्टर, रोजच दुखतो. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलून बोलून कुणाचा नाही दुखत? त्यात तथ्यही होतं, हीच तर पंचाईत. घसा दुखतो म्हणून घरी बसलं तर वॉर्ड चालवायचा कुणी? रजा मागितली तर वरचे भुवया उंचावणार. बाटली हुंगली की काम झटपट होतं. वास आला, विषय संपला, मन मोकळं.

तिने दारावरची बाटली काढून नेली. दुपारच्या पाळीला तिथे दुसरी होती. तिने तीही नेली. तिसरी आली, या वेळी जरा मोठी. मग तिने दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, घसा दुखत असेल तर आत येऊ नका, आधी मला सांगा. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच पाटीच्या खिळ्याला बाटली टांगलेली, आणि 'घसा' हा शब्द बरोब्बर बाटलीमागे गेलेला. आता राहिलं होतं, दुखत असेल तर आत येऊ नका. "दुखत असेल तर," ती म्हणाली, "काय दुखत असेल तर? गुडघा?"

मी हसले. ती हसली नाही.

मग तिने जे केलं ते मला अजून पटतही नाही आणि तिला दोषही देववत नाही. एका सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तिने डायलिसिसच्या दारावरच्या बाटलीतली कॉफी ओतून टाकली, बाटली धुतली, वाळवली आणि आत कोरा कापूस भरून वरून जाळी बांधली. आणि बाजूला उभी राहिली. एकामागून एक सगळे आले, हुंगून गेले. येतोय, येतोय, येतोय. टेक्निशियन तर म्हणाला, आजची कॉफी फर्मास आहे. एकालाही थांबावंसं वाटलं नाही.

सगळे आत गेल्यावर तिने बाटली उघडून दाखवली. तिला वाटलं होतं, आता तरी डोळे उघडतील. डोळे नाही, तोंडं उघडली. ही काय थट्टा आहे, आमच्यावर विश्वास नाही का, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत. टेक्निशियन मात्र प्रामाणिक. खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, सवयीने आला."

तक्रार गेली. मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. ते चिडले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. म्हणाले, तुमचीच तर कल्पना आहे ती, लोकांचा जीव जडलाय तिच्यावर. बाटलीने कुणाचं वाईट होतंय? लोकांना धीर येतो. राहू द्या. पाटीही राहू द्या, बाटलीही राहू द्या. असं म्हणून त्यांनी तिला चहा पाजला. चहा पिऊन ती बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या स्वतःच्या फोटोसमोरून मान खाली घालून गेली, असं तिनेच मला सांगितलं.

हे झालं त्या चालण्याच्या थोडे दिवस आधी. आणि माझा त्रागा असा की दिवसभर ती इस्पितळातल्यांवर वैतागायची, संध्याकाळी रिक्षात तो वैताग माझ्यावर रिकामा व्हायचा, आणि मी घरी येऊन भाजी चिरताना तो विळीवर काढायचे. मला वाटायचं, बाई गं, एवढी काय बाटलीच्या मागे लागलीस. एवढे शिकलेसवरलेले लोक आहेत, त्यांचं त्यांना कळत नसेल का? शिवाय डायलिसिसच्या खोलीतली सिस्टर किती गोड. सगळे तिला गोड सिस्टरच म्हणतात. मामंजींना सुई लावताना ती गाणं गुणगुणते म्हणून त्यांना दुखत नाही. गेल्या पाळीला धाकटीला वेळ नव्हता म्हणून मीच त्यांना घेऊन गेले होते, तेव्हा ती मला खुर्ची द्यायला स्वतः उठली होती. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांपुढे माझी जीभ टाळूला चिकटते. घरात मी कुणाला ऐकायची नाही, पण तिथे 'बरं' आणि 'हो' याखेरीज मला शब्द सुचत नाही. त्या दिवशी गोड सिस्टरचा आवाज बसलेला होता. मला ते ऐकू आलं होतं. मी म्हटलं, बरं.

बाजार मागे पडला तसा रस्ता अरुंद झाला. कडेकडेने चालायला दोन कडाच उरल्या नाहीत. मग ती पुढे आणि मी बरीच मागे असं चाललो. एका बागेच्या कठड्याशी ती थांबली. मला म्हणाली, बसा त्या टोकाला, पायाला काय झालंय तुमच्या. मी चप्पल काढून बसले. ती दुसऱ्या टोकाला बसली. मधे एक मांजर येऊन बसलं आणि दोघींकडे आळीपाळीने बघत राहिलं.

मी तिला विचारलं, घसा कधीपासून धरलाय.

"सकाळपासून."

मग गेलीस कशाला, असं मी विचारलं. जरा चढ्या आवाजातच विचारलं. सगळ्या जगाला सांगत फिरतेस आणि स्वतः?

ती मास्क वर ओढत राहिली. मग म्हणाली, "दारात पोचले. घसा खवखवत होता. म्हटलं, परत फिरावं. बाटली तिथे टांगलेली होती. ताई, माझा हात आपोआप गेला. मी हुंगली."

"तू?"

"मीच. वास आला. चांगला, ताज्या कॉफीचा. आणि मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, काही नाही, रात्री पंखा जोरात होता म्हणून असेल. आणि आत गेले."

हसू आलं असतं, पण तिच्या डोळ्यांकडे बघून ते आत गेलं. पुढचं तिने भराभर सांगितलं. आत गेली ती नेमकी डायलिसिसच्या खोलीत, कारण गोड सिस्टरचा आवाज अजून बसलेलाच आहे असं तिच्या कानावर आलं होतं. तिला घरी जा म्हणून सांगायला. गोड सिस्टर गरम पाण्याचे घोट घेत होती आणि म्हणत होती, मला सगळा वास येतोय, मोठ्या सिस्टर, तुमच्या अंगाचा फिनेलचासुद्धा. दोघी बराच वेळ हुज्जत घालत होत्या, तोंडासमोर तोंड. "मी तिला सांगत होते की तू रोग्यांपासून लांब राहा," धाकटी म्हणाली. "आणि माझ्या पाठीमागच्या खुर्चीत एक आजोबा यंत्राला लावलेले. आपल्या मामंजींच्याच वयाचे."

दुपारी तिला कणकण वाटली. तपासणी केली. आता साधन असतं, लगेच कळतं. तोच रोग निघाला.

माझा पहिला विचार मामंजींचा. सकाळी त्यांना चहा कुणी दिला? मीच दिला होता, ती घाईत निघून गेली होती. आदल्या रात्री ती उशिरा आली तेव्हा ते झोपलेले होते. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. धाकटीने ते ओळखलं असावं. म्हणाली, "त्याला सांगा, उद्याचंही बघ."

उद्याचंच तर होतं. गोड सिस्टरने तपासणी करून घेतली का, असं मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. कळल्या कळल्या तिने डायलिसिसच्या खोलीत फोन केला होता. मला झालाय, मी तुमच्यात वावरलेय, सगळ्यांनी तपासून घ्या, ज्यांचे घसे धरलेत त्यांनी आत्ता घरी जा, असं सांगितलं. फोनवर गोड सिस्टरच होती. तिचं उत्तर धाकटीने मला शब्दाला शब्द सांगितलं, नक्कल न करता.

"तुम्ही अगदी काळजी करू नका, मोठ्या सिस्टर. आराम करा. आम्ही सगळ्यांनी आत्ताच हुंगून पाहिलं. आमच्या सगळ्यांना वास येतोय."

मग मोठ्या डॉक्टरांना फोन. त्यांनी तिला वाफ घ्यायला सांगितलं आणि सोमवारी सगळ्यांना बोलावून बोलतो म्हणाले. मामंजींची पाळी त्याआधी, म्हणजे उद्या. दुसरीकडे कुठे नेता येईल का, असं मी विचारलं. तिने आधीच विचारपूस केली होती, कुठेही जागा नव्हती. एक दिवस चुकवता येईल का? मागे एकदा एक दिवस चुकला होता तेव्हा त्यांच्या पायांची काय अवस्था झाली ती मीही पाहिली होती.

मांजर उठून गेलं. आम्हीही उठलो. मी अनवाणीच चालले, चपला हातात घेऊन.

घरापाशी आलो तेव्हा मामंजी खिडकीत बसलेले. आम्हाला पायी येताना बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. धाकटी फाटकाच्या आत आली नाही. तिथूनच तिने त्यांना सांगितलं की मला ताप आहे, मी गच्चीवरच्या खोलीत राहणार, तुम्ही खिडकीतून लांबूनच बोला. त्यांना ऐकायला कमी येतं. तीनदा सांगावं लागलं. शेवटी समजल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आज माझे हात धुवायला कोणी नाही?"

"आहेत ना," ती म्हणाली. "ताई आहेत." आणि तोंड फिरवून खोकली.

बाहेरच्या लोखंडी जिन्याने ती वर जायला निघाली. मी खाली उभी राहून विचारत होते, काय काय लागेल, जेवण कुठे ठेवू, दिरांना कळवू का. माझे दीर दुसऱ्या गावी नोकरीला आहेत, आठवड्याने येतात. आणि माझे यजमान घरात असून नसल्यासारखे, म्हणजे या बाबतीत. सुई बघितली की ते खाली बसतात. मागे त्यांना डायलिसिसच्या खोलीत पाठवलं होतं तर मामंजींना सोडून सिस्टर लोकांना त्यांनाच सांभाळावं लागलं. तेव्हा उद्या कोण नेणार, हे कुणी विचारायची गरजच नव्हती.

धाकटी जिन्याच्या वळणावर थांबली. कठड्याला टेकून खाली बघत राहिली. ताप चढत होता बहुतेक, डोळे लाल झाले होते. मला वाटलं, औषधांचं काही सांगेल.

"ताई, उद्या दारात गेल्यावर आत पाऊल टाकू नका," ती म्हणाली. "मामंजींना बाहेरच्या बाकावर बसवा. आणि तिथे जेवढे असतील तेवढ्यांना, टेक्निशियनला, मावशीला, गोड सिस्टरला, एकेकाला विचारा. मोठ्याने विचारा. तुमचा घसा दुखतोय का? हसले तरी विचारा. जी हो म्हणेल तिचा हात मामंजींच्या हाताला लागता कामा नये. ती कितीही गोड असली तरी. दुसरं कुणी येईपर्यंत तिथेच बसून राहा, वाटेल ते बोलले तरी."

माझ्या तोंडून 'बरं' निघणार होतं. ते तिने हातानेच थांबवलं.

"त्यांच्यापुढे तुम्ही बरं म्हणता, मला माहीत आहे. उद्या एक दिवस म्हणू नका. आणि आणखी एक. ते तुमच्यापुढेही बाटली धरतील. हुंगू नका, ताई. चांगला वास येतो हो तिला. हुंगलं की बरं वाटतं."